रोमानियाहून पाहिलेलं स्थळ

कांदेनवमीच्या दुपारी आई भज्यांचा घाणा काढत होती आणि मी शेजारी उभी राहून खात होते. दोन दिवसांनी चातुर्मास लागणार, मग दिवाळी उलटेपर्यंत घरात कांदा नाही, म्हणून त्या दिवशी कांद्याचं जे जे होऊ शकतं ते सगळं आमच्याकडे होत असे. झारा कढईच्या काठावर टेकवून आई म्हणाली,

"मला मंडळाच्या वेबसाइटवर काही बघायचंय. पण मी बघतेय हे कोणाला दिसता कामा नये."

"काय बघायचंय?"

"पुनर्विवाह विभाग."

मी भजं गिळलं. ते फार गरम होतं.

"माझ्यासाठी," आई म्हणाली. "तुझ्या तर पहिल्याचाच पत्ता नाही."

बाबांना जाऊन बरीच वर्षं झाली होती. आम्ही दोघी आटपाडीत राहत होतो. आई हायस्कूलमध्ये भूगोल शिकवून निवृत्त झालेली. जगातल्या सगळ्या राजधान्या तिला पाठ, आणि प्रत्यक्ष प्रवास दक्षिणेकडे कोल्हापूर, उत्तरेकडे पुणे. मी डाळिंबाच्या पानांची तपासणी करणाऱ्या एका खासगी प्रयोगशाळेत होते. बागेवर तेल्या पडला की शेतकरी पानं घेऊन यायचे आणि मी त्यातला जिवाणू शोधायचे. मी कमी बोलते. जिवाणूंना त्याचं काही वाटत नाही. आईला वाटायचं. "तुझ्याशी बोलणं म्हणजे थर्मामीटरशी बोलणं," ती म्हणायची. "खरं तेवढंच सांगतं, तेही काखेत धरून बसल्यावर. बापावर गेलीस."

आता मंडळाच्या वेबसाइटबद्दल सांगायला हवं, नाहीतर आईची अडचण कळणार नाही.

आमच्या ज्ञातीचं वधूवर मंडळ सांगलीत. त्याचे सेक्रेटरी खारकर हे बँकेतून निवृत्त झालेले उत्साही गृहस्थ. त्यांनी मंडळाची वेबसाइट काढली आणि तिच्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'पारदर्शक कारभार'. पाहणाऱ्याला नाव-गाव द्यावं लागत नसे, पण प्रत्येक स्थळाच्या खाली रोज तारखेसह एक ओळ आपोआप उमटायची: 'हे स्थळ पाहिलेली गावे'. इंटरनेटच्या जोडणीवरून गावाचा अंदाज बांधून ते नाव तिथे पडत असे, परदेशातून कोणी आलं तर नुसतं देशाचं. पुणे, सातारा, कोल्हापूर असं काही उमटलं तर बिघडत नव्हतं. तिथे आमची शेकड्यांनी घरं. पण आटपाडीत आमच्या ज्ञातीचं घर एकच. आमचं. असा अंदाज पुष्कळदा चुकतो, पण आमच्या केबलवाल्याने सगळं इतकं नीट बसवलं होतं की तो कधीच चुकत नसे.

ही ओळ माझी प्रमिलाआत्या रोज सकाळी चहाबरोबर वाचायची. आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण, सांगलीत राहणारी, विधवा, मंडळाच्या महिला शाखेची अध्यक्ष. कोणत्या गावाने कोणाला पाहिलं हे तिला पंचांगासारखं मुखोद्गत असे. जतमध्येही आमच्या लोकांचं एकच घर होतं, लीलाकाकूंचं. त्यांनी एकदा पुनर्विवाह विभागातलं एक स्थळ उघडलं. ओळीत 'जत' उमटलं. दुपारपर्यंत त्यांच्या मुलाला नाशिकला आत्याचा फोन गेला, आणि पुढच्या आठवड्यात लीलाकाकू नातवाला सांभाळायला नाशिकला गेल्या त्या गेल्याच. जतच्या घराला कुलूप.

"मला नाशिकला जायचं नाही," आई म्हणाली. "नाशिकला आपलं कोणी नाही म्हणा, पण प्रमिलावन्सं कुठेतरी काढतील."

"फोनवरून बघ. फोनवर बहुतेक पुणे नाहीतर मुंबई दिसेल."

"घरात रेंज कुठाय? गच्चीवर टाकीला टेकून उभं राहिलं की येते. टाकीला टेकून स्थळ बघू?"

मग मी तिला टॉरबद्दल सांगितलं. हा एक ब्राउझर असतो. आपली मागणी तो जगातल्या तीन अनोळखी संगणकांमधून फिरवून पाठवतो. वेबसाइटला दिसतो फक्त शेवटचा. तो कधी जर्मनीत असतो, कधी आणखी कुठे.

"तिघांच्या हातून निरोप?" आई म्हणाली. "आपल्याकडे तिघांच्या हातून निरोप गेला तर साखरपुड्याचं बारसं होतं."

"यात पहिल्याला आपण कोण ते कळतं, पण कुठे चाललोय ते कळत नाही. तिसऱ्याला कुठे चाललोय ते कळतं, पण आपण कोण ते कळत नाही. मधल्याला यातलं काहीच कळत नाही."

"मधला तुझे बाबा," म्हणत आईने गॅस बंद केला. "बसव."

मी तो लॅपटॉपवर बसवला. त्याचं चिन्ह कांदा आहे हे तिला दिसलं तेव्हा ती जरा थबकली.

"ऐन चातुर्मासाच्या तोंडावर कांदा?"

"खायचा नाहीये."

"तेही खरंच." तिने चष्मा पुसला. "आता तू तिकडे तोंड कर."

मी तिकडे तोंड केलं. पुढे दोन महिने, मी दुपारी जेवायला घरी आले आणि आईची मालिका संपली की हेच चालायचं. मी भिंतीकडे तोंड करून वाचत बसायचे, आणि मागून आईचा वर्गातला आवाज यायचा. पान उघडलं की ती आधी खालच्या ओळीत आपण आज कुठून आलो ते बघायची.

"जर्मनी. राजधानी बर्लिन. आपल्या वेळी दोन होत्या." दुसऱ्या दिवशी, "स्वीडन. लाकूड, कागद, लोखंड." मग, "अगं, लक्झेंबर्ग! आमच्या पुस्तकात याला एक ओळ होती, आणि ती कोणी कधी वाचली नाही." पण सगळ्यात जास्त वेळा रोमानियाच यायचं. बहुधा तिथले संगणक रिकामे असावेत. "रोमानिया. राजधानी बुखारेस्ट. पुन्हा आलो बाई."

ती किती स्थळं पाहते ते मी विचारलं नाही. पण पानं उलटल्याचा आवाज लॅपटॉपलाही असतो. क्लिक एकदाच व्हायची, मग बराच वेळ शांतता.

"एकच स्थळ बघतेयस का रोज?"

"तुला काय करायचंय? भिंत बघ."

"नाही, एव्हाना पाठ झालं असेल."

"पाठ झालेली गोष्ट लोक वाचत नाहीत का? मग हरिपाठ कशाला वाचतात?"

श्रावणात खारकरांनी मंडळाच्या वार्षिक सभेत घोषणा केली की मंडळाची कीर्ती सातासमुद्रापार पोचली आहे. आत्याने फोन करून आम्हाला ते ऐकवलं. इस्लामपूरचे होनराव म्हणून एक विधुर आहेत, एसटीतून निवृत्त झालेले, त्यांचं स्थळ रोमानियातून पाहिलं जात आहे. एकदा नव्हे, रोज. मधूनमधून जर्मनीतून. सभेत टाळ्या पडल्या म्हणे. होनरावांना उभं राहायला लावलं. कुणीतरी सुचवलं की त्यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करावा, पण नक्की कशाबद्दल हे ठरेना.

"आपल्यातलं कोण आहे हो वहिनी रोमानियात?" आत्याने स्पीकरवर विचारलं.

"कोण असणार!" आई म्हणाली. "असेल एखादी डॉक्टरीण."

"डॉक्टरीण एसटीवाल्याला कशाला बघेल?"

"का? एसटीवाल्यांना काय झालं?"

हे आई जरा जास्तच जोरात म्हणाली. मी भिंतीकडे बघत होते.

पण टाळ्या फार दिवस टिकल्या नाहीत. त्याच सुमारास कुणीतरी मंडळाच्या साइटवरून चार-पाच मुलींचे फोटो आणि फोन नंबर उचलले आणि त्यांना नाही नाही ते मेसेज पाठवले. मुलींचे बाप खारकरांच्या घरी आले. आत्याने तत्काळ निष्कर्ष काढला: हे रोमानियाचंच काम. तोंड लपवून येतो तो कशाला येतो?

आधी नुसतं अडवणं सुरू झालं. पान उघडायच्या आत एक चौकोन यायचा, 'आपण माणूस आहात हे सिद्ध करा', आणि खाली नऊ चित्रं. ज्यात वाहतुकीचे दिवे आहेत ती निवडा.

"हा दिवा, हा दिवा, आणि हा... हा खांब आहे. खांब धरायचा का?"

"दिवा दिसत असेल तर."

"टोक दिसतंय जरासं." तिने तो धरला. चौकोनाने तिला नापास केलं आणि नवी चित्रं दिली. आता आगीच्या बंबाचे नळ. "हे काय आहे? हे मी जन्मात पाहिलेलं नाही. आटपाडीत सिग्नल नाही, बंबाचा नळ नाही. म्हणजे इथं माणूसच राहत नाही?"

तरी ती रोज चिकाटीने सिद्ध करायची. आयुष्यभर दुसऱ्यांचे पेपर तपासलेली बाई म्हातारपणी रोज परीक्षा देत होती आणि तिसऱ्या-चौथ्या खेपेला पास होत होती. पास झाली की आधी "हुश्श", मग "रोमानिया", मग शांतता.

गौरी-गणपती उरकले आणि एका दुपारी चौकोनही आला नाही. पांढरं पान, वर लाल अक्षरं. आईने ती वर्गात धडा वाचावा तशी वाचली.

"'ओळख लपवून येणाऱ्यांना प्रवेश नाही. आपला हेतू शुद्ध असल्यास मंडळाच्या कार्यालयात समक्ष भेटावे.'"

मी भिंतीकडून वळले. या यंत्रणेतून बाहेर पडायची दारं जगभर कुठे कुठे आहेत त्यांचे पत्ते उघड असतात. कोणीही ते घेऊन सगळी दारं एकदम बंद करू शकतो. ते मी तिला सांगितलं. आणखी काही वाटा होत्या, त्याही सांगितल्या. तिचं लक्ष नव्हतं. ती त्या पांढऱ्या पानाकडे बघत होती. कुणी तरी तोंडावर दार लावल्यावर माणूस जसा क्षणभर दारालाच बघतो, तशी.

"रविवारी कार्यालय उघडं असतं ना?" ती म्हणाली.

"आई, तिथे आत्या असते."

"असू दे."

"ओळखतील."

"अगं, समक्ष भेटा म्हटलंय. एवढं अगत्याने आजकाल कोण बोलावतं?"

मंडळाचं कार्यालय सांगलीत एका भांड्यांच्या दुकानाच्या वर होतं. खाली भांड्यांवर नावं घालायचं यंत्र टर्र टर्र चालू होतं. "आपल्या लोकांना वाटीवरसुद्धा नाव घातल्याशिवाय झोप येत नाही," आई जिना चढता चढता म्हणाली. तिने लग्नसराईतली निळी साडी नेसली होती आणि पायरीगणिक तिचा धीर कमी होत होता. ते मला तिच्या श्वासावरून कळत होतं.

वरून एक आवाज येत होता. आवाज म्हणजे असा की खालचं यंत्र त्याच्यापुढे कुजबुजल्यासारखं वाटावं. प्रत्येक शब्द सुटा, प्रत्येक वाक्याच्या शेवटी मोकळी जागा.

"सेक्रेटरी. मी आपणास. तिसऱ्यांदा विचारतोय. त्या बाईंना. का अडवलंत?"

आई शेवटच्या पायरीवर थांबली. कार्यालयाचं दार अर्धवट लोटलेलं होतं. ती दाराआड उभी राहिली आणि बिजागरीच्या फटीला तिने डोळा लावला. मी तिच्या खांद्यावरून बघितलं. टेबलामागे खारकर, लॅपटॉप उघडा. शेजारच्या खुर्चीत प्रमिलाआत्या, मांडीवर पर्स. आणि त्यांच्यासमोर उभा एक उंच, किडकिडीत माणूस, इस्त्रीचा बुशशर्ट, हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत काहीतरी छोटं, निळं.

"होनराव, बसून घ्या," खारकर म्हणाले. "बाई आहे कशावरून? बुवा असेल. चोर असेल. मुलींचे फोटो गेलेत."

"माझा फोटो कोण नेणार? माझा पासपोर्ट आला परवा!" त्यांनी पिशवी उंच धरली. आतलं निळं पुस्तक दिसलं. "पोलीस घरी येऊन गेले. कुठं जाणार विचारलं. मी म्हटलं, रोमानिया. आणि आल्या दिवशी बघतोय तर माझ्या स्थळाखाली एक गाव नाही. शून्य. गाडी रद्द!"

"अहो, पण लपूनछपून बघणारी बाई," आत्या म्हणाली, "ती काय लायकीची असणार?"

होनरावांनी पिशवी खाली घेतली. मग बोलले ते हळू. म्हणजे त्यांच्या मानाने.

"ताई, मी इस्लामपूरच्या स्टँडवर वाहतूक नियंत्रक होतो. नोकरीभर ध्वनिक्षेपकावर बोललो. शिराळ्याला जाणारी गाडी अमुक फलाटावर लागलेली आहे. मिरजेला जाणारी सुटत आहे. एवढ्या वर्षांत मला उलट उत्तर एकाही माणसानं दिलं नाही. घरी गेलो तर बायको अबोल. चांगली होती बिचारी, पण अबोल. ती गेल्यावर भिंतींशी बोललो. म्हणून मी अपेक्षेच्या जागी लिहिलं की वय, रंग, उंची, पत्रिका काही नको. बोलणारी पाहिजे. आणि माझं चुकलं तर मध्येच तोडणारी पाहिजे. ते वाचून लोक हसले. एक कोणीतरी हसलं नाही. रोज आलं. कुठल्या कुठल्या देशातून आलं. आणि तुम्ही दार लावलंत."

फटीला डोळा लावलेल्या आईचा हात माझ्या मनगटावर होता. तिने ते फार घट्ट धरलं होतं. मला थर्मामीटर आठवला. दोन महिने मी भिंतीकडे तोंड करून बसले होते आणि ती, माझ्यामागे, हे एवढंच वाचत होती.

"ते काही असो," आत्या म्हणाली. "ज्याचं मन साफ, त्याला तोंड लपवायची गरजच काय?"

आईने माझं मनगट सोडलं, पदर खोचला आणि दार ढकललं.

"वन्सं, तुम्ही न्हाणीघराला कडी लावता ना? आत काय चोरी करत असता?"

खारकरांचे हात लॅपटॉपवर थबकले. खालचं यंत्रही नेमकं थांबलं होतं.

"वहिनी?" आत्या उठली. "तुम्ही कशा इथं?"

"बोलावलं म्हणून आले. हेतू शुद्ध असल्यास समक्ष भेटावे, असं लिहिलं होतं." ती होनरावांकडे वळली, आणि तेव्हा मात्र तिचा आवाज जरा हलला. "रोमानिया मीच. जर्मनी, स्वीडनसुद्धा मीच. लक्झेंबर्गची मला स्वतःलाच कल्पना नव्हती."

होनरावांनी हातातल्या पासपोर्टकडे पाहिलं, मग आईकडे. त्यांचं तोंड उघडं होतं पण ध्वनिक्षेपक बंद पडला होता.

"वहिनी, अहो दादाच्या माघारी तुम्ही..." आत्याला वाक्य पुरं करता येईना. "चोरून? चोरून बघितलंत?"

"तुम्ही वसंतरावांना पहिल्यांदा कुठून पाहिलंत?"

"मला ते बघायला आले तेव्हा, सगळ्यांसमक्ष."

"त्याच्या आधी. ओटीवर ते पोहे खात होते आणि तुम्ही कोठीच्या दाराच्या फटीपाशी होतात. सासूबाई आत येऊ नयेत म्हणून मी त्यांना शेंगा फोडायला बसवलं होतं. तुम्ही बघितलंत आणि माझ्या कानात म्हणालात, नाक फार मोठंय."

आत्याचा चेहरा लाल झाला. खारकर खाली बघू लागले.

"होतंच मोठं," आत्या शेवटी म्हणाली.

"तरी केलंत. पण आधी बघून केलंत. ते तुम्हाला बघताहेत हे माहीत असताना मान वर झाली असती का तुमची? आमच्या वेळी दाराला फट होती. यांनी," आईने खारकरांच्या लॅपटॉपकडे बोट केलं, "दार काढून खिडकी बसवली आणि खिडकीत जो येईल त्याच्या नावाचा पुकारा."

"वहिनी, कारभार पारदर्शक असावा एवढाच हेतू," खारकर म्हणाले.

"कारभार असावा, खारकर. बायका असू नयेत."

खारकरांनी कपाळ पुसलं. ते वाईट गृहस्थ नव्हते. "पण त्या मुलींचं काय? उद्या पुन्हा कोणी फोटो उचलले तर त्यांच्या बापांना मी काय सांगू?"

 आईने माझ्याकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. मी घसा साफ केला.

"बागेवर तेल्या पडला तर सगळी झाडं तोडून तो जातो," मी म्हटलं. "पण डाळिंबं राहत नाहीत. फोटो आणि फोन नंबर झाका. ज्यांना हवेत त्यांना तुम्ही विचारपूस करून द्या. बाकीचं वाचायला कोणीही येऊ दे, कुठूनही. आणि ती गावांची ओळ काढून टाका. फोटो उचलले त्या दिवशी त्या मुलींच्या पानांवर कोणती गावं आहेत?"

खारकरांनी लॅपटॉपवर बघितलं. बराच वेळ बघितलं.

"सांगली," ते म्हणाले. "सगळीकडे नुसतं सांगली."

"रोमानिया नाही?" होनरावांनी विचारलं.

"नाही."

"मग त्या बाईंची माफी मागा," होनराव म्हणाले. आवाज परत आला होता. टेबलावरचा चहाचा कप किणकिणला. मग त्यांना आठवलं असावं की त्या बाई समोरच उभ्या आहेत. ते एकदम अवघडले, पिशवीची घडी करू लागले, आणि काहीतरी बोलायला हवं म्हणून म्हणाले, "मी तयारी केली होती थोडी. वाचन वगैरे. म्हणजे त्यांची ती राजधानी, बुडापेस्ट, तिथं म्हणे थंडीत..."

"बुडापेस्ट हंगेरीत," आई म्हणाली. "तुमची बुखारेस्ट."

"हो, तीच. डॅन्यूबच्या काठावर..."

"काठावर नाही! तिथेच सगळे चुकतात. डॅन्यूब खाली दक्षिणेला राहते. शहरातून जाते ती दंबोवित्सा. माझ्या वर्गात हे कोणी चुकलं की मी नकाशा काढायला लावायची."

आईने जीभ चावली. होनराव तिच्याकडे बघत राहिले.

"तोडलंत," ते म्हणाले. "मध्येच तोडलंत." आणि त्यांनी तिच्यासाठी खुर्ची ओढली.

त्यानंतर खंडीय हवामानावर जे बोलणं सुरू झालं ते थांबेना. मी आणि आत्या जिन्यात जाऊन उभ्या राहिलो. खालून चहा आला. आत्याने बशीत ओतला, फुंकला, आणि प्यायलाच विसरली.

"वहिनी घरी पण एवढ्या बोलतात?" तिने विचारलं.

"बोलते."

"आणि तू?"

मी काही बोलले नाही. आत्याने मान हलवली, जशी काही एखादी शंका फिटली.

परतीच्या एसटीत आई खिडकीशी बसली आणि बाहेर बघत राहिली. तासगाव गेलं, ती गप्प. विटा आलं, ती गप्प. तिच्या गालाच्या कडेला काहीतरी हलत होतं, ते हसू होतं की काय ते मला बाजूने कळेना. एवढी शांतता मला सहन होईना. मग मीच बोलायला सुरुवात केली. तेल्याच्या जिवाणूपासून सुरू केलं, तो पावसाच्या थेंबाबरोबर पानावरून पानावर कसा उडतो, फळाला चीर कशी पडते. आटपाडी आली तरी मी बोलतच होते, आणि उतरता उतरता आई म्हणाली, "अगं, तुला येतं की!"

पुढच्या आठवड्यात 'हे स्थळ पाहिलेली गावे' ही ओळ साइटवरून गेली आणि लाल अक्षरंही गेली. लीलाकाकूंना आईने स्वतः नाशिकला फोन करून ते कळवलं. आई आणि होनरावांनी पुढे लग्न केलं का, असं लोक मला अजून विचारतात. माझ्या परीने मी सांगते, हेतू शुद्ध असल्यास त्यांनाच समक्ष भेटावे. होनरावांचा पासपोर्ट वाया गेला नाही आणि आईनेही एक काढला, एवढं मी सांगू शकते. बुखारेस्टहून त्यांनी पाठवलेल्या फोटोत दोघंही नदीकडे बोट दाखवून एकाच वेळी बोलताना दिसतात.

पण त्याआधी, त्याच वर्षी, कार्तिकी एकादशी होऊन चातुर्मास सुटला आणि दुसऱ्याच दिवशी दुपारी माझ्या प्रयोगशाळेत फोन वाजला. प्रमिलाआत्या. इकडचं तिकडचं बोलली. डाळिंबाचा भाव विचारला. तिने आयुष्यात कधी डाळिंबाचा भाव विचारला नव्हता.

"काय गं," शेवटी ती म्हणाली, आवाज एकदम खाली आणून, "तो कांदा माझ्या फोनवर बसतो का? ओळ गेली तरी खारकरांना आतून गाव दिसतंच. सहज विचारतेय. आता चातुर्मास संपला म्हणून."

"बसतो."

"आणि तो देश येतो ना तिथं, तो आपल्याला निवडता येतो?"

"तसा येत नाही. का?"

पलीकडे बांगड्यांचा आवाज झाला. दार लावल्याचा झाला. मग कडी.

"रोमानिया नको हं मला," आत्या म्हणाली. "तो वहिनींचा."